साठ अभ्यासक्रम आणि यादीत नसलेला विषय

भीमराव आंबेडकर १९१३च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. त्या मुदतीत त्यांनी कोलंबिया विद्यापीठात घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद आज उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. बेरीज साठ होते. ही यादी बहुधा त्यांच्या परिश्रमाचा दाखला म्हणून दिली जाते, आणि ते योग्यच आहे. मी मात्र ती वेगळ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा वाचली आहे. तिच्यात मानसशास्त्र नाही.

हे नसणे खटकण्याचे कारण असे. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात डॉ. ए. ए. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी एक निबंध वाचला: ‘कास्ट्स इन इंडिया’, म्हणजे भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. पुढच्या वर्षी, मे १९१७मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. एकापासून अनेक जाती कशा झाल्या, या प्रश्नाला त्या निबंधात दोन उत्तरे आहेत. लेखक स्वतःच सांगतो की यांतले एक मानसशास्त्रीय आहे, दुसरे यांत्रिक. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत आणि दोन्ही घेतल्याशिवाय जातींची घडण पुरती उलगडणार नाही. साठ अभ्यासक्रमांत मानसशास्त्राचा एकही नसलेल्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे हे मानसशास्त्र आले कुठून?

हा प्रश्न मला पडायला माझे स्वतःचे अर्धेमुर्धे शिक्षण कारणीभूत आहे. मी बी.ए. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून केले. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र हे दोन्ही विषय घेतले होते. नोकरी सांभाळून रात्री दोन वह्या काढायच्या. समाजशास्त्राच्या वहीत जात होती: व्याख्या, वैशिष्ट्ये, बदलते स्वरूप. मानसशास्त्राच्या वहीत पूर्वग्रह होता, अनुकरण होते, अभिवृत्तीचे मापन होते. त्यातली उदाहरणे बहुतेक अमेरिकेतल्या गोऱ्याकाळ्यांची. एका वहीतला माणूस दुसऱ्या वहीत कधी येत नसे. ज्या गावात मी वाढलो तिथे पाणवठ्यावर ही दोन्ही प्रकरणे रोज एकत्र भरत होती. पण परीक्षेत त्यांचे पेपर वेगवेगळ्या दिवशी होते. पुढे काही वर्षांनी महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला आंबेडकरांच्या लेखनाचा पहिला खंड हाती आला. त्यातला पहिलाच लेख हा १९१६चा निबंध आहे. माझ्या दोन्ही वह्या तिथे एकत्र शिवलेल्या होत्या. तेव्हापासून मी त्या शिवणीचा दोरा शोधतो आहे.

शब्द नवा, भांडण ताजे

१९१३ साली ‘सामाजिक मानसशास्त्र’ हे नाव शीर्षकात मिरवणाऱ्या दोन प्रसिद्ध इंग्रजी पाठ्यपुस्तकांना जेमतेम पाच वर्षे झाली होती. दोन्ही एकाच वर्षी, १९०८मध्ये निघाली. एक विल्यम मॅक्डूगल या मानसशास्त्रज्ञाचे, दुसरे एडवर्ड रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे. नाव एक, पण वाटा उलट. मॅक्डूगल माणसाच्या सहजप्रवृत्तींपासून निघून समाजाकडे येतात. रॉस माणसामाणसांतल्या देवघेवीपासून सुरुवात करतात: रूढी, फॅशन, जमाव, सूचन, अनुकरण. या विषयाचे पालकत्व दोन घरांकडे होते आणि ते कुणाचे, याचा निवाडा झाला नव्हता.

रॉस यांच्यावर सर्वांत मोठे ऋण होते ते गाब्रिएल टार्ड या फ्रेंच लेखकाचे. टार्ड (१८४३–१९०४) पेशाने न्यायाधीश. दक्षिण फ्रान्समधल्या सार्ला या लहान गावात ते गुन्ह्यांचा तपास करीत. एका ठिकाणची गुन्ह्याची पद्धत दुसरीकडे कशी पसरते, हे पाहता पाहता त्यांना एकूण समाजाचाच नियम सापडल्यासारखा वाटला. ‘अनुकरणाचे नियम’ हे त्यांचे पुस्तक १८९०चे. नवी कल्पना एखाद्याच्या डोक्यात उगवते आणि अनुकरणाने पसरते. समाज म्हणजे या पसरण्याचे जाळे. आणि पसरण्याची दिशा बहुधा वरून खाली, प्रतिष्ठितांकडून सामान्यांकडे.

एमिल दुर्खीम यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते सामाजिक वस्तुस्थिती व्यक्तीच्या बाहेर असते आणि व्यक्तीवर सक्ती करते. मनांची बेरीज करून ती हाती लागत नाही. १८९७च्या ‘आत्महत्या’ या ग्रंथात त्यांनी अनुकरणाच्या उपपत्तीचे खंडन करण्यासाठी एक प्रकरणच घातले. गंमत अशी की त्या ग्रंथासाठी लागलेली सरकारी कागदपत्रे त्यांना मिळाली ती टार्ड यांच्यामुळे. टार्ड तेव्हा न्याय मंत्रालयाच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. सुमारे २६,००० आत्महत्यांच्या त्या नोंदींची वर्गवारी दुर्खीम यांचे भाचे मार्सेल मोस यांनी केली. १९०३मध्ये पॅरिसमध्ये दोघांचा समोरासमोर वाद झाला आणि पुढच्याच वर्षी टार्ड वारले. विद्यापीठांत दुर्खीम यांची परंपरा टिकली, टार्ड मागे पडले. समाजशास्त्राला मानसशास्त्रापासून वेगळे घर मिळाले, ते बऱ्याच अंशी या भांडणातून.

कोलंबियातली वाट

अटलांटिकच्या पलीकडे मात्र टार्ड यांना एक मोठा आसरा होता. ‘अनुकरणाचे नियम’चा इंग्रजी अनुवाद १९०३मध्ये न्यूयॉर्कहून निघाला. अनुवादिका एल्सी क्लूज पार्सन्स. त्यांची डॉक्टरेट कोलंबियाची, पुढे त्या मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजल्या. प्रस्तावना लिहिली फ्रँकलिन गिडिंग्ज यांनी. हे गिडिंग्ज १८९४पासून कोलंबियात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि आंबेडकर ज्यांच्याकडे समाजशास्त्र शिकले ते हेच. यादीतले ‘समाजशास्त्राचे ६’ हा आकडा इथे बोलू लागतो.

गिडिंग्ज आधी वर्तमानपत्रात होते, नंतर विद्यापीठात आले. १८९६च्या त्यांच्या ‘समाजशास्त्राची मूलतत्त्वे’ या ग्रंथाचा पाया एका मानसिक गोष्टीवर आहे: समोरचा आपल्यासारखा आहे ही जाणीव. या सारखेपणाच्या जाणिवेतून गट बनतात, आणि तिच्यातूनच परका ठरतो. म्हणजे त्यांच्या वर्गात समाजशास्त्र शिकणे हे निम्मे सामाजिक मानसशास्त्र शिकणेच होते. प्रवेशाच्या कागदावर तसे लिहिलेले नव्हते, इतकेच.

दुसरी वाट तत्त्वज्ञानाच्या पाच अभ्यासक्रमांतून येते. आंबेडकर जॉन ड्यूई यांच्या वर्गांना बसले. ड्यूई आज तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ म्हणून ओळखले जातात. पण त्यांचे पहिले पुस्तक मानसशास्त्राचे होते आणि १८९९मध्ये ते अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. सवय ही व्यक्तीची खासगी मालमत्ता नसून समाजाने तिच्यात घडवलेली गोष्ट आहे, हा त्यांचा विचार १९२२मध्ये ‘मानवी स्वभाव आणि आचरण’ या ग्रंथात आला. त्या ग्रंथाच्या उपशीर्षकात सामाजिक मानसशास्त्राचे नाव आहे.

तिसरी वाट मानववंशशास्त्राची. फ्रान्झ बोआस यांच्या प्रभावाखालचा तो विभाग वंशावरून संस्कृती ठरवण्याच्या विरोधात उभा होता. गोल्डनवायझर बोआस यांचेच विद्यार्थी. त्यांच्या चर्चासत्रात जात ही वांशिक भेदातून आली नाही, असे मांडणाऱ्या विद्यार्थ्याला ऐकणारे कान होते.

कोलंबियात मानसशास्त्राचा स्वतंत्र आणि नामांकित विभाग होता, प्रयोगशाळा होती. आंबेडकर तिकडे गेले नाहीत. त्यांचा प्रश्न प्रयोगशाळेत मावणारा नव्हता आणि नुसत्या समाजरचनेच्या आराखड्यातही बसणारा नव्हता. त्यांनी दोन विषय जोडायचे असे ठरवून जोडलेले दिसत नाहीत. प्रश्नाने त्यांना जिथे नेले तिथे ते गेले.

निबंधातला हिशेब

निबंधाची सुरुवात आधीच्या व्याख्यांच्या तपासणीने होते. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि चौथे श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशकार केतकर त्याच न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते आणि १९०९मध्ये त्यांचे ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ प्रसिद्ध झाले होते. आंबेडकर त्यांना मान देतात आणि मग त्यांच्या व्याख्येतली एक गाठ सोडवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: सभासदत्व जन्मानेच मिळणे आणि बाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर म्हणतात, ही दोन नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की सभासदत्व आपोआप जन्मापुरते उरते. जातीचे खास लक्षण एकच: जातीतल्या जातीत लग्न, अंतर्विवाह.

मग येतो तो भाग ज्याला ते यंत्रणा म्हणतात. गट बंद केला की त्यात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येने राहिले पाहिजेत. नवरा वारला तर एक स्त्री ‘जास्तीची’ होते. तिने बाहेर लग्न केले तर कुंपण तुटते. आत केले तर दुसऱ्या कुणा मुलीच्या वाट्याचा वर जातो. उपाय दोन: तिला नवऱ्याबरोबर जाळणे किंवा जन्मभर विधवा ठेवणे. बायको वारलेला पुरुषही जास्तीचा होतो, पण त्याला जाळणे गटाला परवडत नाही आणि ब्रह्मचर्य लादणे जमत नाही. म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणली जाते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली इथे धर्म किंवा क्रौर्य म्हणून येत नाहीत, हिशेबाची तोंडमिळवणी म्हणून येतात. त्यांचा गौरव करणारे तत्त्वज्ञान मागून आले, असेही ते सांगतात. हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले. आमच्या घरातल्या केशवपन केलेल्या एका म्हातारीचा फोटो मी लहानपणापासून पाहत आलो होतो. ती एका बेरजेत न बसलेली होती, हे मला तेव्हा कळले.

पण एका गटाने दार लावून घेतले म्हणून सगळ्यांनी का लावावे? इथे दोन सोपी उत्तरे हाताशी होती आणि आंबेडकर दोन्ही नाकारतात. मनूने कायदा करून जाती निर्माण केल्या, हे खरे नाही. मनूने आधीच असलेले संहितेत बांधले. ब्राह्मणांनी सगळ्यांवर जात लादली, हेही अशक्य; एवढ्या मोठ्या समाजावर असे काही लादण्याची ताकद कुणा एका वर्गात नसते. पण ती आपोआप उगवली, हेही त्यांना पटत नाही. लादलेली नाही आणि आपोआपही नाही, तर मग कशी? या अडचणीच्या जागी त्यांना समाजशास्त्र पुरेना, म्हणून ते बॅजट यांच्याकडे आणि मग टार्ड यांच्याकडे वळतात. तळटीपेत पार्सन्सबाईंच्या अनुवादाचा उल्लेख आहे.

टार्ड यांच्याकडून ते अनुकरणाच्या दोन अटी घेतात. ज्याचे अनुकरण होते त्याला प्रतिष्ठा हवी, आणि दोघांत रोजचा, पुष्कळ संबंध हवा. अंतर वाढेल तसे अनुकरण पातळ होते. मग हा नियम ते भारतावर लावून दाखवतात. ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जातींत तिन्ही चाली दिसतात. त्याहून दूर असलेल्यांत वैधव्य आणि बालविवाह. आणखी दूर फक्त बालविवाह. आणि सर्वांत दूरच्यांनी नुसता जातीवरचा विश्वास उचलला. फ्रान्सच्या आडगावातल्या न्यायाधीशाचा नियम इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या समाजावर लावलेला मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

आणि तरीही ते अनुकरणावर थांबत नाहीत. काहींनी दार आतून लावले हे खरे. पण बाकीच्यांना ते बाहेरून लागलेले आढळले, असे ते सांगतात. शेजारचे गट बंद होत गेले की उरलेल्याला बंद होण्यावाचून गत्यंतर नसते, त्याच्या मनात काहीही असो. जातीच्या नियमाविरुद्ध गेलेल्यांना बाहेर टाकले की त्यांचीही नवी जात होते. आतून लावणे हे मनाचे काम. बाहेरून लागणे हे रचनेचे. टार्ड आणि दुर्खीम यांच्या वादात कोण बरोबर, याचे उत्तर जणू या एका निबंधात दिले गेले: दोघेही, पण एकाच दाराच्या दोन बाजूंनी उभे राहून. दुर्खीम यांचे नाव मात्र त्यात आलेले नाही.

वर पाहणारी नजर, खाली पाहणारी नजर

या निबंधात उणीव नाही असे नव्हे. टार्ड यांच्या नियमात माणूस वर पाहतो. तो खाली काय करतो हे त्यात येत नाही. अनुकरण सांगते की खालच्याने वरच्याची चाल का उचलली; ती उचलल्यावर वरच्याने त्याला मारले का, हे सांगत नाही. अस्पृश्यता हा त्या निबंधाचा विषयही नाही. साताऱ्यात न्हावी केस कापायला तयार नसत म्हणून ज्याच्या बहिणीने घरी त्याचे केस कापले, त्या मुलाने पंचविसाव्या वर्षी परदेशी विद्वानांसमोर जातीवर बोलताना स्वतःबद्दल अवाक्षर काढलेले नाही.

ती दुसरी नजर वीस वर्षांनी आली. १९३६मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण आयोजकांना झेपले नाही आणि ते त्यांनी स्वतःच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने छापले. त्यात जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, हा विचार आहे. आणि जाती एकाखाली एक रचलेल्या असल्याने प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी असल्याचे समाधान मिळते, म्हणून सगळे मिळून उठत नाहीत, हाही विचार आहे. पहिले वाक्य मानसशास्त्राच्या वहीतले, दुसरे दोन्ही वह्यांतले. रचना उतरंडीची आहे म्हणून मन तसे घडते, आणि मन तसे घडते म्हणून उतरंड टिकते.

या दोन लेखांचे नाते मी लावतो आहे असे नाही. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या १९४४च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी लिहिले आहे की ‘इंडियन अँटिक्वेरी’तला जुना निबंध यात सामावून पुस्तकाची पुनर्मांडणी करायचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही. ते पुस्तक झाले असते तर यंत्रणा आणि मन एकाच मुखपृष्ठाखाली आले असते.

पुढे १९५२मध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गांवरच्या ग्रंथात संस्कृतीकरणाची संकल्पना मांडली: खालच्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलून वर सरकू पाहतात. वर पाहणारी नजर अभ्यासक्रमात आली आणि आजही परीक्षेला येते. माझ्या वहीतही ती होती. तिच्याच जातकुळीची मांडणी १९१६मध्ये, दाराच्या दुसऱ्या बाजूसकट, झालेली होती, हे त्या वहीत नव्हते.

विषय एकत्र आणण्याचे प्रयत्न विद्यापीठांनीही केले. हार्वर्डमध्ये १९४६ साली समाजशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र, चिकित्सा मानसशास्त्र आणि सामाजिक मानववंशशास्त्र यांचा एक विभाग झाला; पाव शतकाच्या आसपास तो टिकला आणि मग पुन्हा वाटण्या झाल्या. एका छपराखाली आणून विषय जोडले जातातच असे नाही. कोलंबियात छपरे वेगळी होती. जोडणारा प्रश्न एका विद्यार्थ्याकडे होता.

हे सारे शंभर वर्षांपूर्वीचे झाले असे म्हणता आले असते, तर हा लेख अभिलेखागारातच राहिला असता. पण दोन वह्या वेगळ्या ठेवण्याची सोय आपल्याला फार आवडते. नुसते मानसशास्त्र घेतले की जात म्हणजे काही माणसांच्या मनातला मळ ठरतो, आणि प्रबोधनाच्या दोन व्याख्यानांत तो धुतला जाईल असे वाटते. नुसते समाजशास्त्र घेतले की जात म्हणजे व्यवस्था ठरते, आणि व्यवस्थेत माझा हात कुठेच नसतो. दोन्हीकडे आपण सुटतो.

गेली काही वर्षे मी मराठीतल्या विवाहविषयक जाहिरातींची कात्रणे ठेवतो. त्यांतला एक नमुना वाचकांनीही पाहिला असेल: वधूवराची माहिती, मग उदारपणे ‘जातीची अट नाही’, आणि लगेच कंसात ‘एससी, एसटी क्षमस्व’. एका ओळीत मन आणि यंत्रणा दोन्ही हजर आहेत. पहिले तीन शब्द लिहिणाऱ्याला आपण आधुनिक वाटतो, कारण वरच्या वर्गात आता अट नसणे प्रतिष्ठेचे आहे. ते टार्ड यांचे अनुकरण. कंसातले शब्द म्हणजे दार. आणि ती ओळ सकाळी चहाबरोबर कुणीतरी बाहेरच्या बाजूनेही वाचत असतो. तो ‘क्षमस्व’ कुणाला उद्देशून आहे, हे त्याला नेमके कळते.